पिवळी रेघ आणि मागची सीट

लिफ्ट दुरुस्त करणारी ही बाई पहिल्यांदा भेटली की लोकांना दोन धक्के बसतात. एक, ती स्वतः पान्यांची पिशवी घेऊन लिफ्टच्या खड्ड्यात उतरते. दोन, संध्याकाळी खड्ड्यातून वर आली की अडीचशे किलोच्या निळ्या मोटरसायकलवर टांग टाकून घरी जाते. उंची म्हणाल तर जेमतेम पाच फूट दोन इंच. सिग्नलला एकच पाय टेकतो, तोही चवड्यावर. पण एकवीस वर्षांत गाडी उभ्या जागी दोनदाच आडवी झाली, आणि दोन्ही वेळा कुणीतरी "ताई, मदत करू का?" म्हणत हँडलला हात घातला होता. तेव्हापासून बाईनं कानाला खडा लावला. गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

ही गाडी लांबच्या प्रवासाची. शर्यतीच्या गाडीसारखी धावते, पण तिच्यावर दिवसभर बसलात तरी कंबर शिव्या देत नाही. पुढे वारा अडवायला काच, मागे दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या. उजव्या पेटीत बाईची हत्यारं, डाव्या पेटीत नवऱ्याची उशी. हो, उशी! साहेबांना परक्या उशीवर झोप येत नाही.

नवरा कवळ्या बनवतो. गल्लीच्या टोकाला त्याची खोली आहे, तिथं टेबलावर दिवसभर दातांच्या रांगा हसत असतात. हात इतका स्थिर की केसाएवढी फट असली तरी त्याला दिसते, आणि काळीज मात्र सशाचं. गंमत अशी की गाडीची बातमी घरी आणली त्यानंच. ज्या दंतवैद्यासाठी तो कवळ्या बनवायचा, त्याच्याकडे ही गाडी होती आणि त्याच्या बायकोनं ठणकावलं होतं, "या घरात ती गाडी तरी राहील, नाहीतर मी." नवऱ्यानं ही गोष्ट जेवताना हसत हसत सांगितली. बाईनं घास खाली ठेवला आणि विचारलं, "कोणत्या रंगाची आहे?" पुढच्या रविवारी गाडी दारात होती. तो दिवस आठवला की तो आजही म्हणतो, "माझी जीभ मेली हलकी."

पहिलं वर्षभर तो मागे डोळे मिटून बसला. "दिसलं नाही की भीती वाटत नाही," हे त्याचं शास्त्र. दोघांच्या खुणा ठरल्या होत्या. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. पहिल्या वर्षी त्यानं इतक्या थापा मारल्या की बाईचा डावा खांदा काळानिळा पडला. मग एकदा घाटात, वळणावर, कानाशी आवाज आला, "अगं, खाली नदी आहे!" बाई समजली, डोळे उघडले. त्या दिवसापासून मागच्या सीटवरचा माणूस रस्त्याचं धावतं वर्णन करत आला आहे. पुढे बसणाऱ्याला रस्ताच बघावा लागतो. डोंगर, नद्या, कुंपणावर वाळत घातलेली गोधडी, हे सगळं बाईनं नवऱ्याच्या तोंडून पाहिलं.

पेट्रोल पंपावर हटकून कुणीतरी त्यालाच विचारतं, "साहेब, किती ॲव्हरेज देते?" तो हेल्मेट काढत सांगतो, "ड्रायव्हरला विचारा, आम्ही पॅसेंजर." विचारणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

काटा आता एक लाख एक्क्याण्णव हजारावर आहे. सीटचं कव्हर तीनदा बदललं. मागचे टायर किती झाले ते बाईला तोंडपाठ आहे, लेकीच्या वाढदिवसाची तारीख एखादे वेळी चुकेल. उन्हाळ्यात गाडी उजव्या नडगीला भाजून काढते, थंडीत तीच ऊब बरी वाटते. पहिला गिअर पडताना 'खट्ट' असा आवाज करते की शेजारची म्हातारी म्हणते, "निघाली वाटतं स्वारी." नवव्या वर्षी पुढच्या निळ्या आवरणाला चीर गेली. नवीन तुकडा मिळेना. तेव्हा तेवढ्यापुरती परवानगी काढून नवऱ्यानं कवळीच्या गुलाबी मसाल्यानं ती चीर अशी काही सांधली की बारा वर्षं झाली, हललेली नाही. निळ्या गाडीवर हिरडीच्या रंगाचा तो पट्टा अजून आहे. बाईनं त्यावर रंग मारू दिला नाही.

आणि रेघा. बाईच्या धंद्यात नट आवळला की नटावरून खालच्या पत्र्यावर पिवळ्या पेनानं एक सरळ रेघ मारतात. नट फिरला तर रेघ तुटते, लांबूनसुद्धा दिसतं. त्यात बाईचा एक कडक नियम आहे, ज्यानं आवळलं त्यानं रेघ मारायची नाही. दुसऱ्यानं यायचं, पाना लावून बघायचं, मगच पेन उघडायचं. आवळणाऱ्यानंच रेघ मारलेली कळली की बाई लिफ्ट बंद करते, मग वर कुणी मंत्री अडकलेला का असेना. कामावर तिला सगळे 'रेघबाई' म्हणतात, म्हणजे पाठीमागे. समोर म्हणायची काय बिशाद!

गाडीवरही अशाच रेघा आहेत, सत्तेचाळीस नट-बोल्टांवर. आवळणारी बाई आणि रेघ मारणारीही बाईच. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही ना!

तर यंदा लेकीनं नवं घर घेतलं, सहाशे किलोमीटरवर. दोघांनी रविवारी पहाटे निघायचं ठरवलं. लेकीनं फोनवरून बापाचे कान भरले. "बाबा, साठी आली तुमची. एकवीस वर्षांची गाडी, एखादा नट सुटला म्हणजे? सरळ बसनं या."

सशाच्या काळजाला एवढं पुरे झालं. रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "असं करू का? तू गाडीनं ये, मी बसनं येतो."

बाईला तोंडात मारल्यासारखं झालं. एकटी ती लाख वेळा गेली असती, तिला कुणाची भीती? पण घाटात खाली नदी आहे हे सांगणार कोण? ती एवढंच म्हणाली, "एकवीस वर्षांत माझा एक तरी नट सुटला का हो?"

"नाही सुटला. म्हणून तर म्हणतो, आता सुटायची वेळ आली असेल."

"गुरुवारी सरकारी तपासणी आहे गाडीची. एक खोट निघाली तर बसनं जा. नाही निघाली तर?"

"तर मागे बसतो. पण एकसुद्धा खोट नको हं."

"शब्द?"

"शब्द."

बाईला हसू आलं. बुधवारी तिनं गाडी धुतली, पुसली, चेनला तेल दिलं, मागच्या पायदानांचे ब्रॅकेट काढून घासून परत बसवले. गुरुवारी तपासणीला गेली तर समोर तपासणीस कोण? ज्याच्या कार्यालयाची लिफ्ट बाईनं गेल्या वर्षी अकरा दिवस बंद ठेवली होती, तोच. चार मजले चढून त्याचे गुडघे कामातून गेले होते.

"या, बाई," तो गोड हसला. "बसा. वेळ लागेल."

लागलाच. पाऊण तास त्यानं गाडीत डोकं खुपसलं. दिवे, ब्रेक, टायर, धूर, हॉर्नसुद्धा तीनदा वाजवून पाहिला. पायदानं हातानं दाबून बघितली. शेवटी गुलाबी पट्ट्यावर नख मारलं. "हे काय आहे?"

"कवळी," बाई म्हणाली.

त्यानं हात टेकले आणि शिक्का मारला. वर म्हणाला, "इतक्या वर्षांची इतकी निगुतीनं ठेवलेली गाडी मी पाहिली नाही. बोलायची इच्छा नव्हती, पण बोललो." बाई घरी आली ती हॉर्न वाजवत. कागद नवऱ्याच्या टेबलावर, हसणाऱ्या कवळ्यांच्या मधोमध ठेवला. त्यानं चष्मा चढवून अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाला, "काढ माझी उशी."

शनिवारी दुपारी बाई गाडीवरून शेवटचं फडकं फिरवत होती. नवऱ्याच्या डाव्या पायदानाच्या ब्रॅकेटला दोन बोल्ट आहेत, वर एक, खाली एक. फडक्याचा दोरा खालच्या बोल्टला अडकला. तिनं ओढला. दोऱ्याबरोबर बोल्टही फिरला. पिवळी रेघ तिच्या डोळ्यांदेखत दोन तुकडे होऊन सरकली.

तिनं फडकं टाकलं. दोन बोटं लावली, तर बोल्ट बोटांनी फिरत होता. आवळलाच नव्हता! आणि वर रेघ, सरळ, पट्टीनं आखल्यासारखी.

मग तिला आठवलं. बुधवारी वरचा बोल्ट आवळून, रेघ मारून झाली होती. खालचा हातानं बसवून ती पाना उचलणार, तेवढ्यात लेकीचा फोन. विषय हाच, "आई, बाबांना गाडीवर आणू नकोस." पंधरा मिनिटं दोघी कडाकडा भांडल्या. फोन ठेवून बाई परतली तेव्हा डोकं तापलेलं. सीटवर पेन दिसलं. पेन बाहेर आहे म्हणजे आवळून झालं असणार, असं धरून तिनं रेघ ओढली. हीच चूक केली म्हणून तिनं किती जणांना फाडून खाल्लं होतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पाना हाताशीच होता. अर्ध्या मिनिटाचं काम. बोल्ट आवळायचा, जुनी रेघ पुसायची, नवी मारायची. सरकारी शिक्का होताच. नवरा आत उशीचा अभ्रा बदलत होता, त्याला कळायचं काही कारण नव्हतं. बाईनं पाना उचलला, बोल्टवर ठेवलासुद्धा. ज्या पायदानावर एकवीस वर्षं तिच्या भरवशावर त्या माणसाचा पाय होता, तेच ते. तिला स्वतःचा असा राग आला की पाना खाली आपटला.

"अहो!" तिनं हाक मारली. "जरा बाहेर या."

तो उशी हातात घेऊन आला. बाईनं बोल्टकडे बोट दाखवलं. "फिरवा."

"मी? गाडीला हात लावू?"

"फिरवा म्हणते ना."

त्यानं दोन बोटांनी फिरवला. बोल्ट फिरला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"मी न आवळता रेघ मारली," ती म्हणाली. "बुधवारी. तपासणीवाल्याला दिसलं नाही, कारण वरचा बोल्ट घट्ट होता. खोट आहे. माझी आहे. तुम्ही उद्या बसनं या."

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. ही बाई रडत नाही, लेकीच्या लग्नातही रडली नाही, पण त्या वेळी तिनं चेनकडे विनाकारण फार वेळ पाहिलं. नवरा उशी घेऊन आत निघून गेला.

दहा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा अंगात कामाचा डाग पडलेला सदरा होता, डोळ्यावर कवळ्या तपासायचं भिंग, कपाळावर दिवा, हातात एक बारकी बाटली आणि ब्रश.

"हे काय सोंग?"

"तुमच्या लिफ्टवर रेघ कोण मारतं?"

"दुसरा माणूस."

"आणि इथं?"

बाईनं आपटलेला पाना उचलून पुसायला घेतला.

"इथं दुसरा माणूस एकवीस वर्षं मागे बसलाय," तो म्हणाला. "त्याला कधी विचारलंस का?" मग गुडघे मोडून, 'आई गं' म्हणत, तो जमिनीवर बसला. "चल. पहिल्यापासून. तू आवळ, मी बघतो."

दुपारचे दोन वाजले होते, सहा कधी झाले कळलं नाही. बाई आवळायची, तो पाना लावून बघायचा, भिंगातून बघायचा, परत बघायचा. "अहो, कवळी नाही ती!" बाई ओरडायची. "म्हणूनच," तो म्हणायचा, "कवळी सुटली तर माणूस मरत नाही." जुनी पिवळी रेघ खरवडून तिच्या जागी तो ब्रशनं नवी ओढायचा, आणि ती गुलाबी. घरात पिवळा रंग नव्हता, हिरडीचाच होता. शेजारची म्हातारी गॅलरीतून म्हणाली, "गाडीला दात येतायत का गं?"

सेहेचाळीस झाले. राहिला तो खालचा बोल्ट. बाईनं पाना पुढे केला, तर त्यानं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"हा मी आवळणार. पाय माझा आहे."

तिनं अडवलं नाही. त्यानं ओठ दाबून, कपाळावर दिवा पेटलेला, सशाच्या काळजाची सगळी ताकद लावून बोल्ट आवळला. मग बाटली आणि ब्रश बायकोच्या हातात दिला.

"ज्यानं आवळलं त्यानं रेघ मारायची नाही. मार."

बाईनं ब्रश टेकवला आणि थांबली. पाना घेतला, लावला, जोर दिला. बोल्ट केसभर सरकला.

"फिरतोय अजून," ती म्हणाली.

"थोडासाच."

"थोडासासुद्धा नको. आवळा परत."

त्यानं आवळला. तिनं पुन्हा पाहिलं, या वेळी हलला नाही. तिनं रेघ ओढली. आयुष्यात हजारो रेघा मारलेल्या हाताची ही एकच वाकडी आली.

"चालेल," तो भिंगातून बघत म्हणाला. "उद्या पाचला निघू. घाटात ऊन यायच्या आत पोचलं पाहिजे. नदी त्या वेळी चांगली दिसते, तुला सांगता येईल."