ब्लेझरमावशींचे फोटो

ब्लेझरमावशींचा निळा ब्लेझर कधी ट्रेनमध्ये चढला नाही की पावसात भिजला नाही. तो फक्त फोटोपुरता होता. मावशी ओजिमात राहायच्या. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून बेंतोच्या, म्हणजे तयार जपानी जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात दिवसभर उभ्याने भात भरायच्या. सांगलीच्या सासरी आणि इथल्या मंडळींत मात्र मावशी ऑफिसात होत्या.

महिन्या-दोन महिन्यांनी त्या माझ्याकडे यायच्या, पिशवीतून ब्लेझर काढायच्या आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे बसून बजावायच्या, "हात नको हं घेऊस. हात चुगली करतात." एकदा मी चिडवलं, "मावशी, किती खोटं बोलाल?" तर म्हणाल्या, "खोटं कसलं? पाहुणे आले की तू केरसुणी पुढे करतेस का?" फोटो पसंत पडेपर्यंत दहादा काढायला लावायच्या. माझा रविवार खलास. पण मला त्या फार आवडायच्या.

माझी पीएचडी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या स्टुडिओ-फोटोंवर. साधीसुधी माणसं उसना कोट चढवून, पुठ्ठ्याच्या खांबाला टेकून, हातात पुस्तक धरून मोठी व्हायची. इथल्याच हिगाशी-कसाई भागातल्या आपल्या मराठी मंडळींनी मला त्यावर बोलायला बोलावलं. लोक जांभया द्यायला लागले म्हणून मी, अतिशहाणी, मावशींचा फोटो पडद्यावर लावला. चेहरा पुसट केला होता म्हणे मी! ब्लेझर, कपाट, कारखाना, सगळं रंगवून सांगितलं. हॉल हसला. मावशींच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला तोच फोटो आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मावशी तिसऱ्या रांगेत होत्या. माझं भाषण म्हणून रजा टाकून, कोथिंबीरवड्या घेऊन आल्या होत्या. शेजारची बाई म्हणाली, "अय्या, तुम्ही ऑफिसात ना?"

"नाही हो, भात भरते," मावशी म्हणाल्या. डबा माझ्या हातात देऊन निघून गेल्या. त्या वड्या मला गिळवल्या नाहीत.

चार दिवसांनी तोंड दाखवायचं धैर्य झालं तेव्हा माफी मागायला गेले. पुढे त्या सांगलीला परतल्या, त्यामुळे तीच आमची शेवटची भेट. मावशींनी चहा केला. "सांगलीला जाऊबाईंपर्यंत पोचलं," एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "रडू नकोस. माझे सगळे फोटो पूस. इथे, माझ्यासमोर."

त्या शेजारी सरकून बसल्या. मी फोनवरून एकेक फोटो पुसत गेले. एका फोटोपाशी त्यांनी माझं बोट धरलं.

"हा छान आला होता गं," म्हणाल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट सोडलं.

"पूस."