आत्याचा कॅमेरा आणि थोरलीचं डोकं

आत्याने कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्याची धडगत नसे. ती लगेच फोटो काढतच नसे. आधी कॅमेरा गळ्यात सोडून पुढे यायची, तुमच्या शर्टाचं वरचं बटण लावायची, पदराच्या टोकाने गालावरची पावडर सारखी करायची, टोपी असली तर ती काढून, झटकून पुन्हा डोक्यावर ठेवायची. मग मागे जाऊन नेम धरायची, आणि तोवर तुमचं हसू पार वाळून गेलेलं असायचं. "फोटो भिंतीवर राह्यते, बापा," ती म्हणायची, "गबाळं तोंड रोज कोण पाह्यन?"

कॅमेरा तिच्या मुलाचा. तो हैदराबादला नोकरीला. त्याने नवा घेतला आणि जुना आईला दिला. आदिलाबादकडच्या जैनथजवळच्या गावात वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवणारी ही बाई. दोन दिवसांत तिने त्या यंत्राला ताब्यात घेतलं. वांग्याच्या वाफ्यावर जाताना सुद्धा तो गळ्यात असे. बैल, बांध, भोपळा, पोस्टमन, काही सुटलं नाही. बैलाच्या सुद्धा डोळ्यातली घाण पुसून मगच फोटो.

फक्त पहिल्याच मोठ्या फोटोत घात झाला. नातवाच्या बारशाला सगळं घर अंगणात उभं केलं, सगळ्यांना सारखं केलं, आणि फोटो आला तो थोरलीचं डोकं सोडून. थोरली म्हणजे आत्याची मोठी जाऊ. लुगडं आलं, बांगड्या आल्या, गळ्यातली पोत आली. मानेच्या वर निळं आभाळ. थोरली उंच, एवढंच कारण होतं. पण तिने तो फोटो सगळ्या गल्लीत फिरवला. "मुद्दाम कापलं. मी बारशात तिले नको होतो." आत्याला राग आला. "मुद्दाम कापायचं असतं तं जीभ नसती कापली?" झालं. भिंतीला भिंत लागून घरं, एकच विहीर, आणि तीन वर्षं बोलणं बंद. काही निरोप असला तर दोघी मांजराला सांगत, आणि दुसरी ऐके.

तिसऱ्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात दिवसभराचं भजन संमेलन ठरलं. पैनगंगेपलीकडची मंडळं, मुधोळकडची, शिवाय दोन तेलुगू मंडळं. फोटोचं काम आत्याने न मागता स्वतःकडे घेतलं. मी आदिलाबादहून स्कूटीवर आले, तर ही नवं पातळ नेसून, कपाळाला कुंकू लावून, बुटात! "धावा लागते," ती म्हणाली.

ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी लावून, वर सतरंज्या टाकून स्टेज केलं होतं. सावलीला ताडपत्री. सकाळपासून आत्या त्या ट्रॉल्यांवर चढत होती आणि उतरत होती. ऐन रंगात आलेल्या एका बुवांचा शेला तिने खांद्यावर नीट बसवला. बुवांनी डोळे उघडले, सूर मात्र सोडला नाही. एका पखवाजवाल्याच्या कपाळावरचा बुक्का तिने पुसून मधोमध लावला. दोन्ही हात गुंतलेले, तो बिचारा काय करणार?

तेलुगू मंडळासाठी तिने खास शब्द पाठ केला होता. समोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "नव्वकंडी!" सगळे एकदम गंभीर झाले. ती आणखी जोरात, "नव्वकंडी, नव्वकंडी!" झांजवाल्याने तर मान खाली घातली. मी तिला बाजूला ओढलं. "आत्या, हसा म्हणजे नव्वंडी. तू त्यांना हसू नका म्हणतेस."

"म्हून मी म्हनतो, हे एवढे गुनाचे होऊन काऊन बसले!"

दुपारी थोरलीच्या महिला मंडळाची पाळी आली. थोरली देवळात छान गायची, पण एवढ्या माणसांसमोर पहिल्यांदाच. आत्या पार मागे, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभी राहिली. "इतून येते फोटो," ती मला म्हणाली. तिथून माणसं हरभऱ्याएवढी दिसत होती.

पेटी सुरू झाली. पेटीवालीने सुरुवातीची ओळ एकदा वाजवली, दोनदा वाजवली. थोरलीने तोंड उघडलं, आवाज फुटेना. तिने माईक पकडला, सोडला, पुन्हा पकडला. पुढची पोरं खिदळायला लागली. मागच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

शेजारी पाहते तर आत्या नाही. ती माणसांतून वाट काढत, बूट वाजवत निघाली होती. ट्रॉलीवर चढली, थेट थोरलीपुढे गेली, घामाने ओघळलेलं तिचं कुंकू बोटाने सारखं केलं, पदर डोक्यावर ओढला आणि दोन पावलं मागे सरून कॅमेरा धरला. माईक मध्येच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या शेताने ऐकलं.

"मान वर कर. या बारीले डोकं येऊन राह्यलं."

थोरलीने मान वर केली. मग माईकमध्येच कडाडली, "तीन वर्सानं दिसलं काय वं तुले माहं डोकं?"

अख्खं शेत हसलं. ज्यांचा शेला आत्याने नीट बसवला होता, ते बुवासुद्धा हसले. थोरलीलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यातूनच तिचा आवाज मोकळा झाला. गायली मात्र अशी, की रसवाल्याने चरखा थांबवला.

फोटो सुरेख आला. थोरलीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "दात दिसून राह्यले," ती म्हणाली. "आहेत म्हून दिसले," आत्या म्हणाली. तिथून जे भांडण लागलं ते रोज चालू. पण आता मांजर मध्ये नव्हतं.

गेल्या वर्षी आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगा तिला कायमची हैदराबादला घेऊन गेला. तिला बसवून द्यायला थोरली आदिलाबादच्या स्टँडपर्यंत आली. "मले बजारात काम हाय," असं तिने तीनदा सांगितलं. बस हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहून ती आत्याला बोलत होती: खिडकी लावली नाही, भाकरीचं गाठोडं पायाशी ठेवलं, मफलर कुठाय. बस गेली. बाजारात ती गेलीच नाही. माझ्या घरी मुक्कामाला राहिली.

संध्याकाळी आम्ही जेवत असताना आत्याचा फोन आला. पोहोचले म्हणाली. मग, कुणी काही सांगितलं नसताना विचारलं, "थोरली जेवली का?"

मी थोरलीकडे पाहिलं. तिची दुसरी भाकरी चालू होती. हातातला घास तसाच धरून ती हळूच म्हणाली,

"सांग तिले, नाही जेवली म्हनाव."