पिशवी म्हणजे नेमकं काय

माझ्या गर्भाशयाबद्दल डॉक्टरीणबाई जे काही बोलल्या, ते सगळं माझ्या नवऱ्याशी बोलल्या. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. "हे बघा साहेब, गाठी मोठ्या आहेत. रक्त भरपूर जातंय. गोळ्यांनी आता भागणार नाही, पिशवी काढून टाकू. मॅडमचाही त्रास मिटेल आणि तुमचाही." हे मान डोलवत राहिले. ह्यांचा कोणता त्रास मिटणार होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. दरवर्षी दहावीच्या वर्गापुढे फळ्यावर गर्भाशय काढते, त्याच्या दोन बाजूंना अंडवाहिन्या आणि अंडाशय काढते, नावं देते. पाठीमागची पोरं हसतात, त्यांना मी दटावते. आणि त्या दिवशी खामगावच्या त्या दवाखान्यात मी अशी बसले होते, जसं काही दुसऱ्याच कुणाचं शरीर तपासायला आणलंय. लेडी डॉक्टर मी मुद्दाम निवडली होती. बाई बाईशी बोलेल, असं वाटलं होतं.

बाहेर आल्यावर मी ह्यांना विचारलं, "नुसती पिशवीच काढणार की अंडाशयंही?"

"सगयं बराबर करतीन ते," हे म्हणाले. "तू कायले डोकं खपवतं? डॉक्टर त्या हायेत का तू?"

दोन वर्षं मी गडद रंगाच्या साड्या नेसत होते. शाळेतल्या खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल टाकूनच बसायचे. जिना चढताना मधेच थांबून पोरांना उगाच काहीतरी विचारायचे, म्हणजे धाप लागलीय हे कळू नये. त्यामुळे ऑपरेशनला माझा विरोध नव्हताच. ते व्हावं असंच वाटत होतं. फक्त काय काय होणार, ते कुणीतरी नीट सांगावं एवढंच माझं म्हणणं होतं. ते काही मला कुठं मिळेना.

सासूबाईंना विचारलं. त्यांची पिशवी ऐन तरुणपणीच काढलेली. थोरल्या नणंदेचीही काढलेली. आमच्या गल्लीत ज्या बाईला विचारावं, तिची पिशवी गेलेली असते. पण एकीलाही धड सांगता येत नव्हतं.

"किती दिवस दुखलं, आई? लघवीची नळी कधी काढली?"

"आता मले काय आठोते व माय? नेलं, काढली, आणलं. आठ-पंधरा रोजानं वावरात गेली मी. तू लय इचार करतं, शिकेल बायांचं हेच असते."

शेजारच्या भाभींचं ऑपरेशन आदल्या वर्षी झालं होतं. त्यांच्या घरचा बांगड्यांचा धंदा. त्यांनी मात्र हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. "नाडेवाला कुछ मत ले जाना बाई. टाके पे नाडा घासता है, जान जाती है. ढीला गाऊन लेना, सामने से खुलनेवाला." एवढी एकच कामाची सूचना मला ऑपरेशनच्या आधी मिळाली. बाकी सगळे म्हणायचे, काही नसते, घाबरू नोको.

रक्त फार कमी होतं म्हणून आधी सलाईनमधून लोहाचं औषध देणं सुरू झालं. शाळा सुटली की खामगाव, बाटली संपली की परत. एकदाचं रक्त भरलं आणि तारीख ठरली. दवाखान्यातून फोन आला तो ह्यांच्या मोबाईलवर. माझा नंबर मी काउंटरवर दोनदा दिला होता. ह्यांनी मला निरोप दिला, "उद्या सकाळी जेवाचं नाही म्हने."

मी जेवले नाही. सकाळी सासूबाईंनी कपभर चहा दिला, तो घेतला. आमच्याकडे चहाला कुणी खाणं-पिणं समजतच नाही, उपासालाही तो चालतो. दवाखान्यात गेलो, गाऊन चढवला, हाताला सुई टोचली. मग भूल देणारे डॉक्टर आले. ते अकोल्याहून ठरल्या दिवशीच येत.

"सकाळपासून काय घेतलं?"

"काही नाही. चहा घेतला फक्त."

"दुधाचा?"

"हो."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. "काय मॅडम, शिक्षिका ना तुम्ही? साधी गोष्ट कळत नाही? पाण्याचा घोटसुद्धा नको, असं सांगितलं होतं. भुलेत उलटी होऊन फुप्फुसात गेली म्हणजे कोण जबाबदार?"

मला कुणी पाण्याबद्दल सांगितलंच नव्हतं. मी तसं म्हणाले. नर्स म्हणाली, "फोनवर सांगितलं होतं." हे म्हणाले, "मले त जेवाचं नाही एवढंच आयकू आलं." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोन ज्यांना केला आणि ज्यांनी घेतला, ते दोघंही तिथंच उभे होते. पण चूक माझी ठरली, कारण चहा मी प्यायले होते. वर नर्सनं माझा हात उलटापालटा केला. "मेंदी काऊन लावली? नखावर लाल रंग असला की बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन नीट दाखवत नाही." घरातल्या लग्नाची मेंदी होती ती. तेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुई काढून मला घरी पाठवलं. कपड्यांची पिशवी जशी भरून नेली होती तशीच परत आली. गावात बातमी माझ्याआधी पोचली. पुढचे कितीतरी दिवस जी बाई भेटेल ती विचारायची, "काऊन वो मॅडम, चहा पिऊन गेल्या व्हत्या म्हने?" आणि हसायची. शाळेत मंजूर झालेली रजा रद्द करून परत मागायची होती. मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "ऑपरेशन नेमकं कशाचं आहे, बाई?" मी म्हणाले, "पोटाचं." तेव्हा मला इतका राग आला होता की स्टाफरूमचं दार मी आदळून बाहेर पडले. दार आदळायची माझी ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या वेळी मी रात्रीच्या जेवणानंतर तोंडात काही घातलं नाही. नखं घासून घासून स्वच्छ केली, भाभींनी सांगितलेला गाऊन घेतला. मंगळसूत्र काढताना सासूबाई पुटपुटल्या. पण काढावं लागतं हे आता मला माहीत झालं होतं, म्हणून घरीच काढून कपाटात ठेवलं. खामगावला पोचलो तेव्हा मी आतून शांत होते. या खेपेला माझी चूक निघणार नाही, एवढंच मनात होतं.

नर्सनं पोट साफ करायचं औषध दिलं, केस काढले. मी विचारलं, "सिस्टर, अंडाशयं ठेवणार ना?"

ती ब्लेड कागदात गुंडाळत म्हणाली, "सगळंच काढतात मॅडम. एकदा पोट उघडलं की पुन्हा कटकट नको. सरांनी सही केली ना."

सर म्हणजे हे. हे बाहेर बाकावर पेपर वाचत होते.

मला स्ट्रेचरवर घ्यायला दोन बाया आल्या. मी खाटेवर मांडी घालून बसले. "डॉक्टरांना बोलवा," मी म्हणाले. "माझ्याशी बोलल्याशिवाय मी आत येणार नाही."

त्यांना आधी वाटलं मी घाबरलेय. एकीनं पाठ थोपटली. मी पुन्हा तेच म्हणाले. मग ह्यांना आत बोलावलं.

"काऊन तमाशा करून राह्यली?" हे दबक्या आवाजात म्हणाले. "मागच्या खेपीले चहा, आता हे. डॉक्टर हाकलून देतीन आपल्याले."

"तुम्ही कशावर सही केली?"

"दिलं त्याच्यावर केली. सगयेच करतात."

"काय काढायला सांगितलं तुम्ही त्यांना?"

हे हातातल्या पेपरची घडी करू लागले. हे वाईट नाहीत. विचारायचं असतं हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं. पण त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला, तितका संसारात कधी आला नाही. सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाई हिरव्या कपड्यांतच आल्या. कपाळाला आठ्या होत्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली तीही ह्यांच्याकडे बघून. "काय झालं साहेब, मॅडमना टेन्शन आलं का?"

"डॉक्टर, पोट माझं आहे. माझ्याशी बोला," मी म्हणाले. माझा आवाज फार चढला असावा, कारण शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विचारा."

"माझ्या अंडाशयांत काही दोष दिसलाय?"

"नाही. सोनोग्राफीत नॉर्मल आहेत."

"मग ती का काढायची?"

"पुढे कधी गाठ, कॅन्सर नको म्हणून. तो धोका टळतो."

"आणि काढली तर काय होतं?"

त्या खाटेच्या कडेवर टेकल्या. "पाळी जाण्याच्या वयात हळूहळू जे होतं ते एकदम होतं. अंगातून वाफा निघतात, घाम येतो, झोप जाते, चिडचिड होते. हाडं लवकर ठिसूळ होतात. त्यावर औषधं असतात. तुमचं वय अजून पंचेचाळीसच्या आत आहे आणि घरात कुणाला तसला कॅन्सर नाही, तेव्हा ठेवता येतील. पण आत गेल्यावर खराब दिसली, तर मला काढावी लागतील. चालेल?"

"चालेल. आणि नळी?"

"उद्या सकाळी काढू. जागं झाल्यावर थंडी भरेल, दात वाजतील, ते भुलेमुळे. दुसऱ्या दिवशी उठून चालायचं, दुखलं तरी. खोकताना पोटाशी उशी दाबून धरा. दीड-दोन महिने काही उचलायचं नाही, अगदी पाण्याची बादलीसुद्धा."

एवढंच. गावातला चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नव्हता. मला रडू आलं ते भीतीनं नाही. इतक्या सोप्या उत्तरांसाठी मला खाटेवर अडून बसावं लागलं, म्हणून आलं.

ऑपरेशन ठीक झालं. जागी झाले तेव्हा खरंच दात वाजत होते, पण हे असं होणार होतं, हे माहीत असल्यामुळे मी घाबरले नाही. अंडाशयं ठेवली होती. त्रास व्हायचा तो झालाच. पोटात वायू धरला होता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण, माझे दीरसुद्धा, मोठ्यानं विचारायचा, "गॅस पास झाला का?" तो पास होईपर्यंत डाळीचं पाणीही मिळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी भिंत धरून चालताना टाके फाटतील असं वाटलं. फाटले नाहीत.

संध्याकाळी सासूबाई माझ्या पायाला तेल लावत होत्या. अचानक त्यांचा हात थांबला.

"काव, माह्यावालं काय केलं असंन?"

"काय, आई?"

"ते अंडं. ठेवलं असंन का काढलं असंन?"

त्यांच्याकडे कागद नव्हते. ज्या दवाखान्यात त्यांना नेलं होतं, तो बंद होऊन कितीतरी वर्षं झाली.

"पिशवी काढली अन् मंग माह्या आंगाची आग व्हाले लागली," त्या हळूहळू सांगू लागल्या. "हिवाळ्यात मी आंगणात जाऊन डोक्यावर पानी वतत व्हती. झोप नाही. पोरं कायी बोलले का मारत सुटो. तुह्या सासऱ्यानं मले झाडफूक कराले नेलं. मले वाटे मी येडी झाली. डॉक्टरीन आज सांगत व्हती ना तुले, ते आयकलं मी. तेच व्हतं सगयं."

लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना तापट म्हणून ओळखत होते. घरातले सगळेच म्हणायचे, म्हातारीचा स्वभावच तसा आहे. त्यांचं मनगट दोनदा मोडलं होतं, पाठीला पोक आलं होतं. त्यालाही आम्ही वयच म्हणत होतो.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सासूबाईंबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "लक्षणं बघता काढली असावीत. पण आता खात्रीनं सांगता येत नाही. आणि आजी, आता कळून काय करायचंय?"

"कराचं काई नाही," सासूबाई म्हणाल्या. "कोनं तवा सांगतलं असतं, त येडी तं नसती समजली मी सोताले."

डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी लिहून दिली. पुढे ती केली, हाडं व्हायची तेवढी ठिसूळ झालेलीच निघाली, औषध सुरू झालं. माझं रक्त भरलं, धाप थांबली, दोन महिन्यांनी मी शाळेत रुजू झाले.

पण राग गेला नाही. दवाखान्यातून घरी येताना गाडीत मी पोटाशी उशी धरून मागे बसले होते. सासूबाई शेजारी होत्या आणि रस्त्यावर खड्डा आला की माझ्या उशीवर हात दाबत होत्या. पुढच्या सीटवरून हे म्हणाले, "झालं ना सगयं बराबर? मी म्हनलं व्हतं." सासूबाईच बोलल्या, "तू चूप राह्य. तुले काही माहीत नाही."