न दमणारा मेहुणा

लाकडाचे वाडगे कातणारा कातारी स्वतःच्या हाताबद्दल बोलायला लागला की गल्लीतली माणसं काढता पाय घ्यायची. लाकूड कुठलंही असो, वाडग्याचा तळ किती जाड ठेवायचा हे आपल्या हाताला आपोआप कळतं, असं तो म्हणे. आणि खोटं तरी कसं म्हणावं? तीस वर्षांत त्याच्या एकाही वाडग्याला भोक पडलं नव्हतं.

त्याच्या लेथला मोटर नव्हती. दांड्याला चामड्याचा पट्टा गुंडाळलेला. त्याची दोन टोकं धरून बायको समोर बसायची आणि आळीपाळीने ओढायची. लाकूड आपल्या बाजूला फिरलं की हा पटाशी टेकवायचा, उलटं फिरलं की उचलायचा. काम संपत आलं की बायकोला हमखास धाप लागायची. पट्टा सैल पडायचा. "दमलीस? घे जरा श्वास," असं म्हणून हा मोठ्या मनाने पटाशी बाजूला ठेवायचा, तळाला बोट लावायचा, आणि तळ नेमका हवा तेवढाच झालेला असायचा. बायकोला दम म्हणून नाही, हेही मग तो गल्लीभर सांगायचा.

एक दिवस बायको जिन्यावरून घसरली आणि तिचा हात महिनाभरासाठी गळ्यात आला. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्यांच्या वडिलांनी लावलेलं अक्रोडाचं झाड कधीतरी वादळात पडलं होतं. त्यातले जपून वाळवलेले तीनच तुकडे उरले होते आणि त्यांना त्याचा एक वाडगा हवा होता.

पट्टा ओढायला धाकटा मेहुणा आला. अंगाने दणकट, दमणं त्याला ठाऊकच नाही. पहिला वाडगा तळातून आरपार गेला. पटाशी बोथट होती, कातारी म्हणाला. दुसराही गेला. लाकूडच किडकं, तो म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं," खुर्चीतून बायको म्हणाली. त्या दिवशी कातारी नीट जेवलासुद्धा नाही. बाईंना काय तोंड दाखवायचं? आणि हा हात आता गेलाच की काय?

तिसऱ्या तुकड्याच्या वेळी बायकोने खुर्ची भावाशेजारी ओढली आणि धड हाताची दोन बोटं पट्ट्यावर टेकवली. वाडगा कोरून होत आला, तशी ती म्हणाली, "थांब."

मेहुण्याने पट्टा सोडला. कातारीने बोट लावून पाहिलं. तळ अगदी हवा तेवढाच. "तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

मग तिने सगळं सांगून टाकलं. तळ पातळ झाला की पट्टा हाताला वेगळा थरथरतो. तिला आयुष्यात कधी धाप लागली नव्हती. पण थांबा म्हटलं असतं तर यांनी मुद्दाम आणखी दोनदा पटाशी लावली असती. त्यापेक्षा धाप बरी.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. वाडगा किती तरी वेळ फिरवत राहिल्या. "तुमच्या हाताला तोड नाही," त्या म्हणाल्या.

मेहुणा जमिनीकडे बघायला लागला. कातारीला ती स्तुती पदरात पाडून घेणं सोपं होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "हात माझा, बाई, पण कुठे थांबायचं ते हिला कळतं. मला तीस वर्षांनी कळलं."

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते न पुसताच ती बाईंकडे वळली. "ऐकलंत ना? तुम्ही साक्षीला आहात. उद्या हे नाही म्हणतील."