हद्दीबाहेरचा बंब

नगरसेविका झाल्यापासून लोक मला एकच विचारतात, बाई, तुम्ही केलं काय? आता केलं काय म्हणजे नाल्या केल्या, दिवे लावले, एका गल्लीत फरशा बसवल्या आणि त्या पुढच्या पोळ्यापर्यंत उखडल्या, तेही माझ्याच काळात झालं. पण मी एक काम असं केलं की ते कोणी न विचारता सांगत सुटते. माझ्या वॉर्डात शोधलं तर सापडायचं नाही. ते शहराच्या हद्दीबाहेर आहे.

वाशिम जिल्ह्यातलं आमचं शहर म्हणजे बसस्टँडवरून निघालं की पंधरा मिनिटांत सोयाबीन. नगरपरिषदेकडे आगीचा बंब एकच. तो हद्दीबाहेर न्यायचा तर तहसीलचं पत्र लागायचं, त्यावर आमच्या मुख्याधिकाऱ्यांची सही लागायची, आणि मग गाडी हलायची. मला हा नियम ठाऊक होता. कधी बोचला नव्हता इतकंच. आपल्या घराला आच लागत नाही तोवर कोणाला काय बोचतं?

दोन वर्षांमागे सोयाबीन सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत भर दुपारी माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. माझं माहेर शहरापासून सहा किलोमीटरवर. दादा एवढंच म्हणाला की काकूच्या सुडीने पेट घेतला, बंब घेऊन ये. काकू म्हणजे आमची माहेरची शेजारीण. नवरा कधीचा गेलेला, मुलगा आणि सून दसरा झाला की ऊस तोडायला जातात, मागे ती एकटी. तीन एकरांतलं सोयाबीन सोंगून, एका जागी त्याची सुडी रचून, वरून ताडपत्री घालून ठेवलेलं. मळणीचा नंबर दोन दिवसांवर आलेला. काकूचं अख्खं वर्ष त्या ढिगात होतं.

मी चपलाही धड न घालता बंबाकडे पळाले. ड्रायव्हर स्टेअरिंगवर, इंजिन सुरू, गेट उघडं, आणि गाडी जागेवर. पत्र नव्हतं. तहसीलला फोन लावला तर साहेब दौऱ्यावर, बाबू जेवायला. ड्रायव्हरला म्हटलं, बाप्पा, माझ्या जबाबदारीवर काढ. तो बिचारा ठेक्यावरचा माणूस, नोकरी जाईल म्हणून रडकुंडीला आला. मी त्या गेटात उभी राहून ज्याला त्याला असं झाडलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मी नगरसेविका, हातात मोबाईल, समोर भरलेला बंब, आणि मला तो शंभर पावलं हलवता येत नव्हता. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

शेवटी कागद आला. मी केबिनमध्येच चढले. डांबरी रस्ता झपाट्याने संपला आणि पुढे पांदण लागली, म्हणजे शेतांकडे जाणारी सरकारी वाट. नकाशात ती दोन बैलगाड्या आरामात जातील एवढी रुंद आहे. पण आमच्याकडे पेरणीआधी नांगर फिरवताना धुरा, म्हणजे शेताचा बांध, वीतभर पांदणीत सरकवायचा, अशी सगळ्यांची रीत. दरवर्षी वीतभर. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. लहानपणी मी बाबांच्या मागे चालताना तेच पाहिलं आणि बाबा किती हुशार म्हणून खूशही झाले. दोन्ही बाजूंनी वीत वीत खाऊन पांदण मोटारसायकलीपुरती उरली होती. बंब एका वळणावर असा अडकला की ना पुढे, ना मागे. मी खाली उतरून पाहिलं, तर चाक आमच्याच शेताच्या धुऱ्यात रुतलेलं.

पाइप तिथून पोचेना. लोकांनी बादल्यांनी पाणी नेलं, पण तोवर न्यायला काही उरलं नव्हतं. काकू बांधावर बसली होती. ती रडली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली,

"आला ते बरं झालं, बाई. आता राख तेवढी ओली करून जा."

त्या दिवशी घरी आल्यावर मी ठरवलं की पुढची सुडी रचली जाईल तेव्हा बंब कोणाला न विचारता काकूच्या शेतापर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर मी पुन्हा त्या गावात तोंड दाखवणार नाही.

उपाय मात्र मला नाही, ड्रायव्हरला सुचला. तो म्हणाला, ताई, आग लागल्यावर कागद मागतो म्हणून उशीर होतो, तर आग लागायच्या आधीच मागून ठेवू ना. आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी तहसीलचं पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच सहीसकट घेऊन फायलीत लावायचं, मग फोन आला की निघायचं. इतकं सोपं! मी तशीच मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. माणूस कोकणातला, तोलून बोलणारा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले की नियमात बसवता येईल, पण ठराव सभेत मंजूर करून आणा. आणि एक अट घातली. ज्या गावाची पांदण मोकळी, त्याच गावात बंब जाईल. गाडी अडकून पडली तर शहरही उघडं आणि गावही.

सभेत आमच्या बाजारपेठेचे नगरसेवक उठले. वयाने मोठे, किराण्याचं मोठं दुकान. त्यांनी विचारलं की शहराच्या घरपट्टीवर बंब ठेवायचा आणि तो खेड्यात गेलेला असताना पेठ पेटली तर काय करायचं? प्रश्न चुकीचा नव्हता, हे आज मान्य करते. त्या वेळी मात्र माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात असा आपटला की बांगडी फुटली. म्हटलं, काका, बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानात कोण उभं असतं? ही खेड्यातलीच माणसं ना? तुमच्या पेठेला आग लागली तर फवारणीचे पंप आणि पाण्याचे टँकर जोडून त्या गावांचे ट्रॅक्टर येतील, तेही मी लिहून आणते. बंब त्यांचा, ट्रॅक्टर आपले! सभागृह हसलं, काकाही हसले. पण ते म्हणाले की आधी लिहून आण, मग बोलू. मी आठ दिवसांत सगळ्या सरपंचांच्या सह्या आणल्या. ठराव मंजूर झाला तेव्हा पहिला हात काकांचा वर गेला.

अर्धी लढाई जिंकले. उरलेली माझ्याच माहेरात होती. पांदण मोकळी करा म्हटलं की गावात जो तो दादाच्या धुऱ्याकडे बोट दाखवायचा. आमचंच शेत सगळ्यांत जास्त पुढे आलेलं, आणि त्या पट्ट्यात तूर उभी. दादा कोणाचं ऐकणाऱ्यातला नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्याने जेवलीस का म्हणून विचारलं आणि विषय बदलला.

भाऊबीज आली. मी माहेरी गेले, दादाला पाटावर बसवलं, ओवाळलं. त्याने साडीची पिशवी तबकात ठेवायला घेतली आणि मी तबक मागे ओढलं.

"साडी नको, दादा. मले पांदण दे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थिजली. दादाचा चेहरा उतरला. ओवाळलेल्या ताटावर हे कायले मांगून राह्यली, बाबांनी राखलेली जमीन आहे, असं काहीबाही तो बोलला. मी म्हटलं, बाबांनी राखली नाही, खाल्ली, आणि मीही ती खाऊनच मोठी झाले. बोलता बोलता मला रडू आलं. भाऊबिजेला रडू नये म्हणतात, पण काय करू? दादा जेवला नाही. उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. मी वहिनीसोबत बसून राहिले. आता माहेर तुटलं, असंच मला वाटलं.

तासाभराने वहिनीने हाक मारली. दादा वळणावर उभा होता, हातात चुन्याच्या फक्कीची पाटी. आमच्या उभ्या तुरीच्या दोन ओळी उपटून त्याने बाजूला टाकल्या होत्या आणि मोजणीच्या दगडाला दोरी बांधून पांढरी रेघ ओढून राहिला होता. मी पाटी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाला,

"तू राहू दे. तू मारशील तं वाकडी मारशील."

दादाने रेघ मारली म्हटल्यावर बाकीच्यांना तोंड उरलं नाही. आठवड्याभरात पांदण मोकळी झाली. जेसीबी आणि मुरूम यांसाठी मला पुन्हा जिल्ह्याला खेटे घालावे लागले, ती वेगळीच कटकट. पण पावसाळ्याआधी मुरूम पडला, रोलर फिरला. दादाने साडीही दिली, आणि रंग माझा नावडता निघाला.

मागच्या वर्षी पुन्हा सोंगणी आली. काकूची सुडी त्याच जागी रचलेली. मी नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याच्या बैठकीत बसले होते. खालून भोंगा वाजला आणि बंब गेटातून बाहेर पडला. मी खिडकीतून पाहिलं, तो माझ्या माहेरच्या रस्त्याला वळला. बैठक तशीच टाकून स्कूटी काढली. वाटभर देवाला काय काय बोलले ते त्यालाच ठाऊक.

पांदणीच्या वळणावर बंब समोरून परत येताना भेटला. ड्रायव्हरने खिडकीतून हात हलवला आणि दात काढले. मी स्कूटी कडेला घेऊन त्याला वाट दिली आणि आम्ही दोघं एकमेकांना न घासता निघून गेलो.

कोणीतरी बाजूच्या धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटवलं होतं आणि ते सुडीपर्यंत आलं होतं. ताडपत्रीची एक कड जळाली, खालचं दोन पेंढ्यांचं सोयाबीन काळं झालं. बाकी सगळी सुडी ओली, पण जागेवर. काकूने स्वतः फोन केला होता, थेट बंबाला. कोणा नगरसेविकेला नाही, कोणा साहेबाला नाही. ती ओल्या पेंढ्या उचलून उन्हात पसरत होती. मला धापा टाकत येताना पाहून तिने कमरेवर हात ठेवला.

"तू कायले आली वं? बंब येऊन गेला ना."

माझी इथे काहीच गरज नव्हती. मी सगळ्या गावासमोर बांधावर बसले आणि ढसाढसा रडले, आणि रडता रडता हसले. गेली सोळा वर्षं मी राजकारणात आहे, हार घातले, हार घेतले, पण इतकी बिनकामाची आणि इतकी खूश मी कधी झाले नव्हते. काकूला ते काही कळलं नाही. तिने एक पेंढी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आलीच आहे तं पसरू लाग, संध्याकाळी थ्रेशर येऊन राह्यलं.