खोटं बोलणारी तार

“हाई तार खोटं बोली ऱ्हायनी.”

आक्का असं म्हणायची आणि पान्याच्या मागच्या टोकाने ती तार पुन्हा एकदा वाजवून बघायची. मोटारसायकलचं चाक मांडीवर, कान चाकाला लावलेला, डोळे मिटलेले. बाकीच्या तारा टिण्ण वाजायच्या आणि मध्येच एखादी ठप्प. मग आक्का त्या तारेचं निपल, म्हणजे टोकाला रिममध्ये बसणारा तो छोटा नट, जरासा आवळायची आणि चाकाशीच बोलायची, “आते बोल.”

तुम्ही म्हणाल, बुलेटची चाकं बांधणारी बाई? नंदुरबारात? आम्ही तर कधी पाहिली नाही. नसणारच पाहिली. ती पडद्यामागे बसायची.

मी तेव्हा नंदुरबारला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. घर कोरीटला, पण रोजचं जाणंयेणं नको म्हणून शहरात एक खोली घेतली होती. खोलीचं मागचं दार एका लहानशा अंगणात उघडायचं, आणि त्याच अंगणात मिस्त्रींच्या घराचंही मागचं दार होतं. रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान, मध्ये पडद्याआड एक अंधारी खोली, मागे हे अंगण. आक्काचं जग एवढंच होतं.

मिस्त्री म्हणजे आक्काचे यजमान. जुन्या बुलेटचं चाक डगमगायला लागलं की नवापूरपासून अक्कलकुव्यापर्यंत लोक त्यांचंच नाव घ्यायचे. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री खुर्चीतून उठायचे, चाक हवेत धरून फिरवायला लावायचे, एक डोळा बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, “आऊट शे. परवा या.” चाक पडद्याआड जायचं. परवा ते सरळ होऊन बाहेर यायचं. गिऱ्हाईक मिस्त्रींना हात जोडायचं, आणि मिस्त्री डाव्या हाताने नमस्कार घ्यायचे. उजवा हात कायम खिशात.

तो हात फार वर्षांपूर्वी एका गाडीच्या साखळीत सापडला होता. बोटं वाचली, पकड गेली. चहाची बशीसुद्धा थरथरायची, मग पान्याचं काय घेऊन बसलात?

हे मला कळलं ते एका दुपारी. अंगणातल्या नळावर पाणी आलं का बघायला दार उघडलं, तर समोरचं दार सताड उघडं आणि आक्का फरशीवर बसलेली. एका फळीवर चाक धरणारा जुना दुपाखी फोर्क ठोकून त्यात चाक अडकवलं होतं. आक्का एका हाताने ते फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने रिमजवळ खडू धरून होती. रिमचा जो भाग बाहेर येई तिथे खडूची रेघ उमटे. रेघ उमटली की पाना, पाना फिरला की पुन्हा खडू. मी बघतच राहिलो.

तिने मान वर केली. दचकली नाही की पदरही सावरला नाही.

“दखी लिधं ना भाऊ? आते कोनले सांगू नका.”

“पण आक्का, मिस्त्री तर...”

“मिस्त्री तेच. मी फक्त त्यासना हात.”

मिस्त्री तापीकाठच्या बागायतदार घरातले. शेती भावांवर सोडून गाड्यांच्या नादाने शहरात आले, तेव्हाच घरच्यांनी नाकं मुरडली होती. त्यात हात गेला. परत गावी जाऊन भावांच्या ओट्यावर बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि खाटेवर पडल्या पडल्या बायकोला चाक बांधायला शिकवलं. कुठली तार बाहेरून घालायची, कुठली आतून, कुठे एकमेकींवरून न्यायची, सगळं तोंडी. चुकलं की शिव्या. आक्का सांगायची, “पहिलं चाक बांधं ते पापड सारखं व्हतं.” सांगताना खूप हसायची. अट मात्र एकच होती. कुणाला कळता कामा नये. “आमना घरनी बाई बजारमां बठस नही,” हे मिस्त्रींचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. आतून टिण्ण टिण्ण ऐकू येत असतानाच ते त्यांनी मला सांगितलं होतं!

आक्काच्या बोटांवर बारमाही मेंदी असायची. शेजारच्या बायका म्हणत, या वयात काय ही हौस. ग्रीसचा काळा रंग नखांच्या कडांतून निघत नाही, म्हणून ती मेंदीचा थर चढवायची. लग्नकार्यात सगळ्या बायका तिच्याकडून मेंदी कशी भिजवायची ते विचारून घेत, आणि तीही चहाचं पाणी, लिंबू असं मन लावून सांगायची.

भाजी अंगणाच्या भिंतीवरून आत यायची. दळण मी आणून द्यायचो. अंगणातून बाहेर पडायला वाट नव्हती; बाजाराला जायचं तर दुकानातून जावं लागे, आणि दुकानात गिऱ्हाईक असलं की मिस्त्री पडद्याकडे बघून खोकायचे. तो खोकला ऐकला की आक्का पिशवी परत खुंटीला लावायची.

वडील गेल्यावर त्यांची बुलेट कोरीटच्या गोठ्यात पडून होती. दोन्ही चाकं गंजून गेलेली. ती मी आणली आणि रीतसर पुढच्या दाराने मिस्त्रींकडे दिली. त्यांनी रीतसर डोळा बारीक केला. “दोन्ही नव्यानं बांधनी पडतीन. आठवडानी या.” मी मान डोलावली आणि मागच्या दाराने जाऊन आठवडाभर सगळं बघितलं. गंजलेल्या तारा तिने छिन्नीने तोडून टाकल्या, ड्रम रॉकेलने धुतला, नव्या तारा जोडीजोडीने विणत नेल्या. एखादी वेणी घालावी तसे हात चालायचे. मध्येच उठून वरण उतरवून यायची.

गाडी रस्त्यावर आली त्या दिवशी संध्याकाळी तिने मला अंगणात गाठलं.

“हॅन्डल थरथरस का?”

“नाही.”

“मोकळा रस्तावर पळाडी का?”

“अक्कलकुव्यापर्यंत जाऊन आलो आक्का. हात सोडला तरी सरळ जाते.”

“आनि रस्तामां काय काय दिसनं?”

मी सांगत गेलो. नदीवरचा पूल, घाटातली वळणं, बाजारच्या दिवशी डोंगरातून उतरणारे लोक. ती पान्याशी चाळा करत ऐकत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी चाकं बांधून झाली, पण त्यातल्या एकावरही ही बाई बसलेली नाही. हात गेला तेव्हापासून मिस्त्रींनी गाडी चालवलीच नव्हती, आणि दुसऱ्या कुणाच्या मागे ती बसणार कशी?

पुढे एका हिवाळ्यात सुरतेकडचे काही हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन चालले होते. त्यातल्या एकाचं मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि तो दुकानात आला. मी दवाखान्यात निघालो होतो, गर्दी बघून थांबलो.

“परवा या,” मिस्त्री म्हणाले.

“परवा नहीं चलेगा, चाचा. अभी करो, मेरे सामने. सब लोग आपका ही नाम लेते हैं.”

मिस्त्रींनी टाळायचा प्रयत्न केला. पण बाकीचे मोबाईल काढून उभे राहिले होते आणि कौतुकाने बघत होते. कौतुकाला नाही कसं म्हणायचं? मिस्त्री खाली बसले. खिशातून उजवा हात बाहेर काढला. पाना निपलवर बसेना. डाव्या हाताने उजवा धरून त्यांनी तो बसवला, फिरवला, आणि पाना सटकून त्यांची बोटं तारांवर आपटली. रक्त आलं. मिस्त्रींनी पुन्हा पाना लावला. पुन्हा सटकला.

“ती नही!” पडद्यामागून आवाज आला. “तिना बाजूनी तार ढिली शे!”

सगळ्यांचे मोबाईल पडद्याकडे वळले. पडदा सरला आणि आक्का बाहेर आली. मिस्त्री आत बोट दाखवत दबक्या आवाजात म्हणाले, “मजार जाय.”

“आते काय मजार जाऊ? सगळासनी आयकी लिधं.”

ती खाली बसली. आधी मिस्त्रींच्या बोटांचं रक्त पदराच्या टोकाने पुसलं, मग त्यांच्या हातातून पाना घेतला. मिस्त्री उठले, पडद्याआडच्या खोलीत गेले आणि तिच्याच जागेवर भिंतीकडे तोंड करून बसले. बाहेर चाक सरळ होत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. आक्काचं तोंड मात्र आपल्या हातून एखादी वस्तू फुटल्यासारखं झालं होतं.

ते चित्रण मोबाईलवरून गावोगाव फिरलं. लोक ‘चाकवाली बाई’ बघायला येऊ लागले. मग गावाहून मिस्त्रींचे भाऊ आले, तासभर बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर खाली आलं. ते महिनाभर उघडलं नाही. मिस्त्री तिच्याशी बोलत नव्हते. आक्का घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. टिण्ण टिण्ण थांबलं, तेव्हा तो आवाज आपल्याला किती सवयीचा झाला होता ते मला कळलं.

“कंटाळा येत असेल आक्का,” मी एकदा म्हणालो.

“पहिले मजार बठानं काम तरी व्हतं,” ती म्हणाली. “आते नुसतं बठनं.”

एका रविवारी सकाळी मिस्त्री स्वतः माझ्या दाराशी आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “भाऊ, हिले तुमनी गाडीवर जरा फिराई लया. हात चालता तं मीच लई जातू.”

आक्का दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून मागे बसली. मी कोरीटच्या रस्त्याला लागलो. शहराबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पडल्या होत्या, नजर पोचेल तिथवर लालभडक. आक्काला शिंकांवर शिंका आल्या आणि शिंकता शिंकता ती हसायला लागली. पुढे कपाशीचे मळे आले, रस्ता मोकळा झाला. मी वेग वाढवला. मागून काहीच आवाज येईना, म्हणून आरशात बघितलं. तिने सीट सोडून दिली होती. पदर वाऱ्यावर फडफडत होता आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते.

“घाबरलात का आक्का?”

“घाबरू कसाले? मी बठनू ते चाक मीच बांधेल शे.”

“मग तापीपर्यंत जाऊ?”

तिने उडणारा पदर गोळा करून कमरेला खोचला. मला वाटलं, हो म्हणेल. मी वेग कमी केला नाही.

“नको भाऊ. परत चाला. त्यासना दवाईना टाईम व्हई गया.”

मी गाडी वळवली.

त्यानंतर दुकान उघडलं. पडदा तसाच राहिला. फरक एवढाच की गिऱ्हाईकाने विचारलं तर मिस्त्री अंगठा मागे करून म्हणायचे, “मजार शे.” आक्कानेही बाहेर बसायचं नाव काढलं नाही. मी एकदा सुचवलं, तर म्हणाली, “त्यासले सोसाव नही.”

पुढे मिस्त्री वारले तेव्हा मला वाटलं होतं, आता ती पडदा काढेल. पण सुरतेला असणारा त्यांचा मुलगा आला. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. “आता आईने आराम करायचा,” असं त्याने मला सांगितलं आणि दुकान विकून टाकलं.

निघायच्या दिवशी तिला मुलाच्या मोटारीत मागच्या सीटवर बसवलं होतं. एसी चालू म्हणून काचा बंद. मी जवळ गेलो. ती काहीतरी बोलली, पण काचेतून ऐकू येईना. काच खाली करायचं बटण तिला सापडत नव्हतं. तिचा हात दारावर इकडून तिकडे चाचपडत होता, आणि पुढे मुलगा फोनवर कुणाशी तरी बोलत होता. ती पुन्हा काहीतरी बोलली, या वेळी जरा मोठ्याने असावं, कारण तोंड मोठं उघडलं होतं.

मी ऐकू आल्यासारखी मान हलवली. ती हसली, आणि गाडी नवापूरच्या रस्त्याला लागली.