शब्द फोडणारी वहिनी

माझी वहिनी छापखान्यात मुद्रितं तपासते. ओळीखाली पट्टी धरायची आणि अक्षर न् अक्षर वाचायचं, हे तिचं काम. एकदा तिथे इंग्रजी शब्दांच्या मुळांचं एक जाडजूड पुस्तक छपाईला आलं. इतर तपासनीसांनी ते टाळलं, वहिनी मात्र त्याच्या प्रेमातच पडली. तेव्हापासून आमच्या घरात एकही इंग्रजी शब्द धड उरलेला नाही.

विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा, हे कळल्यावर ती मुलीला सांगायची, ‘‘तो वाऱ्याचा डोळा लाव गं, धूळ येतेय.’’ हिप्पोपोटॅमस हा नदीतला घोडा निघाला. मसल म्हणजे छोटा उंदीर, हे ऐकल्यापासून दादा, म्हणजे तिचा नवरा, दंड फुगवून विचारायचा, ‘‘बघ, उंदीर दिसतो का?’’ ती शांतपणे म्हणायची, ‘‘बिळात गेलाय.’’ आम्ही तिची भरपूर टिंगल करायचो, पण अडलेला शब्द घेऊन जायचो तिच्याकडेच.

मग दादाच्या मांडीवर गाठ आली. चांगली टणक. डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी हातात पडला आणि दवाखाना उघडणार सोमवारी. वहिनीने सवयीने ओळीखाली बोट धरलं. ‘हिमॅटोमा’ या शब्दावर ते थांबलं.

‘‘काय म्हणतोय?’’ दादाने विचारलं.

‘‘डॉक्टर सांगतील.’’

शब्द समोर असताना वहिनीने तो फोडला नाही, असं कधी झालं नव्हतं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘भाऊजी, हिमॅटो म्हणजे रक्त. आणि ओमा म्हणजे ट्यूमर. ते पान मीच तपासलंय. खाली सगळी कॅन्सरचीच नावं होती.’’

मी फोन काढला. तिने तो माझ्या हातातून घेऊन ओट्यावर पालथा ठेवला. ‘‘त्यात काहीही लिहिलेलं असतं. यांना कळता कामा नये.’’ मीही पुन्हा फोनला हात लावला नाही. वहिनी म्हणाली म्हणजे ते छापील, असा आमच्या घरचा हिशेब.

रविवारभर तिने एकही शब्द फोडला नाही. दादाला चहा जागेवर मिळत होता, टीव्हीचा रिमोट न मागता मिळत होता. संध्याकाळी त्याने दंड फुगवून उंदराची चौकशी केली, तर ती म्हणाली, ‘‘दिसतो की. चांगला मोठा आहे.’’ दादाचा हात आपोआप खाली आला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘हिला काय झालंय रे?’’ मला त्याच्याकडे बघवेना.

सोमवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, गाठ दाबून पाहिली. ‘‘कुठे जोरात आपटलात का?’’

‘‘नाही बुवा,’’ दादा म्हणाला.

‘‘आठवून बघा.’’

दादाने वहिनीकडे चोरून पाहिलं. ‘‘हिचं पुस्तकांचं कपाट सरकवत होतो. त्याचा कोपरा लागला. ही म्हणाली होती, भाऊजी आल्याशिवाय हात लावू नका. म्हणून बोललो नाही.’’

‘‘मार लागून आत रक्त साकळलंय. जिरेल हळूहळू. तोवर शेकू नका, चोळू नका.’’

‘‘पण ओमा म्हणजे...’’ वहिनीने रिपोर्टमधल्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

डॉक्टरांच्या लक्षात आलं. ‘‘ओमा म्हणजे गाठ, बरोबर आहे. पण ही नुसती साकळलेल्या रक्ताची. कॅन्सरचा काही संबंध नाही.’’

माझा जीव भांड्यात पडला. दादा मात्र आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. ‘‘कॅन्सर? कुणाला?’’

बाहेर आल्यावर वहिनी दवाखान्याच्या पायरीवरच बसली आणि ढसाढसा रडली. दादा गोंधळला. ‘‘अगं, बरं आहे म्हणाले ना? मग आता कशाला रडतेस?’’

‘‘आधी कधी रडणार होते? तुम्ही सारखे समोर!’’ तिने पदराने डोळे पुसले, आणि मग तिला कपाट आठवलं. ‘‘एकट्याने सरकवलंत? सांगितलेलं कळत नाही? पायावर पडलं असतं म्हणजे?’’

भर रस्त्यात ती त्याला झापत निघाली. दादा मान खाली घालून, जरासा लंगडत, निमूटपणे ऐकत होता. मी थोडं अंतर ठेवून मागून चालत होतो. घर जवळ आलं तरी तिचं संपलं नव्हतं, आणि संपू नये असंच मला वाटत होतं.